मोर्चा, चहा आणि जनसंपर्क अधिकारी

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या आमच्या लोकांच्या वस्तीत विहिरीचे पाणी पिवळे पडले. पाण्याला उग्र वास येऊ लागला, लेकरांच्या अंगावर फोड उठू लागले. शेजारच्या कारखान्याचा नाला वस्तीकडे वळवला होता आणि त्याचे पाणी जमिनीत मुरत होते, हे समजायला कुणा शास्त्रज्ञाची गरज नव्हती. निवेदने दिली, कुणी दाद घेतली नाही. मग मोर्चा निघाला. चारशे माणसे कारखान्याच्या फाटकावर तीन तास उन्हात बसली. आयाबाया पिवळ्या पाण्याच्या बाटल्या घेऊन पुढे होत्या.

चौथ्या तासाला एक गृहस्थ बाहेर आले. पांढरा शर्ट, हातात डायरी, तोंडात साखर. त्यांनी कुणाला दम दिला नाही की पोलिसांकडे बोट दाखवले नाही. "वकीलसाहेब, आपण शिकलेली माणसं. उन्हात कशाला बसता? पाच जण आत या, चहा घेऊ, बसून मार्ग काढू." गळ्यातल्या ओळखपत्रावर पदनाम होते, जनसंपर्क अधिकारी.

आम्ही पाच जण आत गेलो. दोन तासांनी बाहेर आलो तेव्हा आमच्या हातात एक कागद होता. कंपनी ग्रामस्थांच्या भावनांचा आदर करते, पाण्याच्या प्रश्नाचा सकारात्मक विचार केला जाईल, तोवर रोज एक टँकर दिला जाईल, वस्तीतील मुलांना वह्या वाटल्या जातील आणि चौदा एप्रिलच्या मांडवाचा खर्च कंपनी उचलेल, असे त्यावर लिहिले होते. त्या कागदावर नाल्याचा उल्लेख नव्हता. तारीख नव्हती. जबाबदार अधिकाऱ्याचे नाव नव्हते. आणि त्याखाली सही होती ती आमची. कायद्याची पदवी घेतलेल्या माणसाची!

टँकर चार महिने आला. वह्या वाटल्या, त्याचे फोटो छापून आले. मांडवाच्या पैशावरून वस्तीत दोन तट पडले. जी पोरे म्हणाली, "बाबासाहेबांच्या जयंतीला या कंपनीचा पैसा नको," त्यांना आमच्याच ज्येष्ठांनी आततायी ठरवले. नाला होता तिथेच राहिला. आमच्या हातून झालेली ही चूक आम्ही आज जाहीरपणे मांडतो आहोत, कारण अशी चूक करणारे आम्ही पहिले नाही आणि सावध झालो नाही तर शेवटचेही असणार नाही. त्या दिवशी आम्हाला वाटले की समोरचा माणूस चांगला आहे. तो वाईट होता असे आजही आम्ही म्हणत नाही. पण तो जे करत होता ते एक कसलेले तंत्र होते. हे तंत्र घडले कुठे आणि कसे, हे चळवळीच्या कार्यकर्त्याने मुळातून समजून घेतले पाहिजे.

बाटलीतल्या दुधाची लढाई

हे तंत्र सर्वात स्पष्ट दिसते ते नेस्ले या स्विस कंपनीविरुद्धच्या आंदोलनात. १९७० च्या दशकात आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत लहान मुलांच्या दुधाच्या पावडरचा प्रचंड प्रचार चालू होता. दवाखान्यात मोफत डबे दिले जात. परिचारिकेसारखा पोशाख केलेल्या विक्रेत्या बाळंतिणींना भेटत. चार दिवस बाटलीने पाजले की आईचे दूध आटते आणि मग डबा विकत घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. डबा महाग, म्हणून गरीब आई पावडर कमी आणि पाणी जास्त घालते. ते पाणी गढूळ, बाटली उकळायला सरपण नाही. मूल जुलाबाने आणि कुपोषणाने मरते. १९७४ मध्ये ब्रिटनमधील वॉर ऑन वाँट या संस्थेने माइक म्युलर यांची 'द बेबी किलर' ही पुस्तिका काढून हा प्रकार जगापुढे मांडला.

स्वित्झर्लंडमधील बर्न शहरात तिसऱ्या जगाच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या एका छोट्या गटाने या पुस्तिकेचा जर्मन अनुवाद केला आणि त्याला 'नेस्ले बालकांना मारते' या अर्थाचे शीर्षक दिले. कंपनीचे पहिले उत्तर होते कोर्ट. तिने अब्रुनुकसानीचा दावा लावला. खटला दोन वर्षे चालला. चार आरोपांपैकी तीन कंपनीने स्वतःच मागे घेतले, उरले फक्त शीर्षक. १९७६ मध्ये न्यायाधीशांनी शीर्षक बदनामीकारक ठरवून तेरा कार्यकर्त्यांना प्रत्येकी ३०० फ्रँक दंड केला. पण त्याच निकालात कंपनीलाही बजावले की, अनैतिकतेचा आरोप टाळायचा असेल तर तिने आपल्या प्रचाराच्या पद्धतींचा मुळापासून फेरविचार केला पाहिजे. वकील म्हणून आम्ही या निकालाकडे पाहतो तेव्हा वाटते, कंपनी कागदावर जिंकली आणि जगापुढे हरली. ज्या पुस्तिकेची कुणाला खबर नव्हती ती या खटल्याने देशोदेशी पोचली.

४ जुलै १९७७ रोजी अमेरिकेत नेस्लेच्या मालावर बहिष्कार पुकारला गेला. बहिष्कार हा शब्द आम्हाला वेगळ्या अर्थाने ठाऊक आहे. गावाने आमचे पाणी तोडले, दळण बंद केले, तो बहिष्कार बलवंतांचा होता. इथे मात्र ज्यांच्या हाती सत्ता नाही त्या सामान्य ग्राहकांनी हे हत्यार उचलले होते. चर्चचे गट, परिचारिका, विद्यार्थी, शिक्षक त्यात सामील झाले.

कंपनीचे दुसरे उत्तर होते बदनामी. मे १९७८ मध्ये सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या समितीपुढे सुनावणी झाली. नेस्लेच्या ब्राझीलमधील प्रमुखांनी तिथे सांगितले की, हे आंदोलन म्हणजे मुक्त अर्थव्यवस्थेवरचा हल्ला असून त्यामागे एक जागतिक चर्च संघटना आहे. प्रश्न होता बाळांच्या दुधाचा आणि उत्तर मिळाले कारस्थानाचे! केनेडींनाही ते पटले नाही. १९८० मध्ये कंपनीच्या एका उपाध्यक्षाने अंतर्गत टिपण लिहून प्रभावी प्रतिप्रचार उभारण्याची आणि ठिकठिकाणी लेख छापून आणू शकणारे सल्लागार नेमण्याची शिफारस केली. हे टिपण फुटले आणि जानेवारी १९८१ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने त्याचा गौप्यस्फोट केला. आंदोलकांना लाल रंग फासणाऱ्या लेखाच्या प्रसारामागे कंपनीचा पैसा कसा पोचला होता, तेही त्या बातमीतून उघडे पडले.

आपल्याकडे हे वेगळे सांगायला नको. न्याय मागणाऱ्याला आधी नक्षलवादी, देशद्रोही, जातीयवादी म्हणायचे आणि त्याच्या प्रश्नाला मग उत्तरच द्यायचे नाही, ही रीत आम्ही रोज अनुभवतो.

शिवी देणारा गेला, चहा देणारा आला

कोर्ट फसले, शिवीगाळ फसली. तेव्हा नेस्लेने वॉशिंग्टनमध्ये एक स्वतंत्र केंद्र काढले आणि त्याची सूत्रे राफाएल पेगन या जनसंपर्क तज्ज्ञाकडे दिली. पेगन यांची रीत निराळी होती. त्यांनी आंदोलकांना शिव्या देणे थांबवले. सगळे आंदोलक सारखे नसतात, हे त्यांनी ओळखले. मूठभर कडव्या नेत्यांना बाजूला काढायचे आणि त्यांच्यामागे सद्भावनेने आलेल्या भल्या माणसांशी बोलायचे, हे त्यांचे सूत्र होते. मेथडिस्ट चर्चच्या लोकांशी संवाद सुरू झाला. १९८२ मध्ये कंपनीच्या वागणुकीवर देखरेख ठेवण्यासाठी एक लेखापरीक्षण आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री एडमंड मस्की. नाव मोठे, प्रतिष्ठा मोठी. पण आयोग नेमला कुणी आणि त्याचा खर्च दिला कुणी? ज्याची चौकशी करायची त्यानेच!

जानेवारी १९८४ मध्ये समझोता झाला आणि बहिष्कार स्थगित झाला. माहितीपत्रके, डब्यावरचे इशारे, डॉक्टरांना भेटी आणि रुग्णालयांना मोफत पुरवठा, असे चार मुद्दे त्यात होते. पहिले तीन तुलनेने सरळ होते. चौथा मुद्दा, म्हणजे मोफत पुरवठा नेमका किती आणि कुणाला, तो पुढे ठरवण्यावर सोडला गेला. व्हायचे तेच झाले. १९८८ मध्ये याच मोफत पुरवठ्याच्या मुद्द्यावर बहिष्कार पुन्हा पुकारावा लागला. लोकांना एकदा घरी पाठवल्यावर पुन्हा रस्त्यावर आणणे किती कठीण असते, हे ज्याने मोर्चा काढला आहे त्यालाच कळेल.

पेगन यांच्या हाताखाली तयार झालेल्या माणसांनी पुढे स्वतःची सल्लागार संस्था काढली. तिचे एक भागीदार रॉन डुशिन यांनी १९९१ मध्ये अमेरिकेतील गोमांस उत्पादकांच्या संघटनेपुढे आपले शास्त्रच उलगडून सांगितले. त्यांच्या मते कार्यकर्ते चार प्रकारचे असतात. पहिले जहाल, ज्यांना व्यवस्थाच बदलायची असते. दुसरे संधिसाधू, ज्यांना नाव, पद, प्रसिद्धी हवी असते. तिसरे ध्येयवादी, ज्यांना खरोखर न्याय हवा असतो. चौथे व्यवहारवादी, ज्यांना मिळेल ते पदरात पाडून घेणे शहाणपणाचे वाटते. कृती अशी की जहालांना एकटे पाडा, संधिसाधूंना विजयाचा देखावा मिळवून द्या, ध्येयवाद्यांना समजावत समजावत व्यवहारवादी बनवा आणि व्यवहारवाद्यांशी तडजोड करा. व्यवहारवादी एकदा राजी झाले की जहालांची मागणी आपोआप हटवादी दिसू लागते.

हे वाचले तेव्हा आम्हाला त्या एसी खोलीतले पाच जण आठवले. कोण कोणत्या खान्यात बसत होता ते स्पष्ट दिसले. आम्ही ध्येयवादी म्हणून आत गेलो होतो आणि व्यवहारवादी होऊन बाहेर आलो होतो. मांडवाचा पैसा नको म्हणणारी पोरे आमच्यामुळे जहाल ठरली होती.

उद्याची चर्चा, आजचा प्रश्न

याच पेगन यांच्या कंपनीची आणखी एक योजना आमच्या वाचकांनी जाणून घेण्यासारखी आहे. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवटीशी व्यवहार चालू ठेवल्याबद्दल शेल या तेल कंपनीवर १९८६ पासून अमेरिकेत बहिष्कार सुरू होता. त्याला तोंड देण्यासाठी पेगन यांच्या संस्थेने 'नेपच्यून स्ट्रॅटेजी' नावाचा जाडजूड आराखडा तयार केला. १९८७ मध्ये तो फुटला. त्यातली मुख्य कल्पना काय होती? चर्च, शिक्षणसंस्था, कृष्णवर्णीय धर्मगुरू यांना वर्णभेद संपल्यानंतरच्या दक्षिण आफ्रिकेच्या चर्चेत गुंतवायचे. शिक्षण कसे द्यावे, रोजगार कसा वाढवावा, यावर परिषदा घ्यायच्या. चर्चा उदात्त होती. पण वर्णभेद तेव्हा जिवंत होता आणि मागणी होती, आज, आत्ता तिथून बाहेर पडा. उद्याच्या स्वप्नाची चर्चा वाढवून आजची मागणी विसरायला लावण्याचा हा डाव होता.

अलीकडच्या काळात जातीचा प्रश्न अमेरिकेतील मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क यंत्रणेने सिस्को कंपनीवर दलित अभियंत्याशी झालेल्या जातिभेदाबद्दल दावा लावला. कंपनीने आपण सर्वसमावेशक कार्यस्थळाशी बांधील आहोत आणि कायदे व धोरणे पाळली आहेत, अशी भूमिका घेतली. मात्र त्या दाव्यातच असे नमूद होते की, कंपनीच्या अंतर्गत चौकशीत जातिभेद हा बेकायदेशीर नाही असे तक्रारदाराला ऐकवले गेले होते. एप्रिल २०२२ मध्ये गुगलमध्ये दलित इतिहास महिन्यानिमित्त तेनमोळी सौंदरराजन यांचे ठरलेले व्याख्यान काही कर्मचाऱ्यांच्या विरोधानंतर रद्द झाले. कंपनीचा खुलासा असा की, जातिभेदाला आमच्याकडे थारा नाही, पण या व्याख्यानाने लोक एकत्र येण्याऐवजी दुही माजत होती. शब्द पाहा! जात पाळणारा दुही माजवत नाही, जातीबद्दल बोलणारा माजवतो. हेच वाक्य गावचा पाटील वेगळ्या भाषेत बोलत आला आहे.

मग बोलूच नये काय?

इथे कुणी विचारील, वकीलसाहेब, मग वाटाघाटी करूच नयेत काय? आम्ही असे म्हणत नाही. बाबासाहेब गोलमेज परिषदेत बसले, घटना समितीत बसले. चर्चेच्या टेबलाला ते कधी भ्याले नाहीत. जनसंपर्काच्या क्षेत्रातही प्रामाणिक विचार करणारे लोक आहेत. अमेरिकेतील जेम्स ग्रुनिग या अभ्यासकाने १९८४ पासून मांडले की, उत्तम जनसंपर्क दोन्ही बाजूंनी चालणारा असतो. संस्थेने लोकांना बदलू पाहावे तसे लोकांचे ऐकून स्वतःही बदलावे. आंदोलनाच्या दडपणाने संस्था सुधारतात, हेही या अभ्यासशाखेला मान्य आहे. पण आमचा अनुभव सांगतो की, संस्था बदलते ती गोड संवादामुळे नव्हे. मागचा मोर्चा पांगलेला नाही हे तिला दिसते तेव्हा ती बदलते.

दुधाच्या लढाईत खरे फळ मिळाले ते कुठे? २१ मे १९८१ रोजी जागतिक आरोग्य परिषदेत आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विक्रीबाबत आंतरराष्ट्रीय आचारसंहिता ११८ विरुद्ध १ मताने मंजूर झाली. विरोधातले एकमेव मत अमेरिकेचे होते. भारताने पुढे जाऊन १९९२ मध्ये कायदाच केला. शिशुदुग्ध पर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या व शिशुआहार यांचे नियमन करणारा हा कायदा १९९३ पासून अमलात आला आणि २००३ च्या दुरुस्तीने आणखी कडक झाला. जाहिरात बंद, मोफत नमुने बंद, डॉक्टरांना भेटी बंद. डब्यावर बाळाचे किंवा बाईचे चित्र छापायलाही मनाई. मुख्य तरतुदी मोडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सर्वात महत्त्वाचे कलम २१. सरकारने अधिसूचित केलेल्या स्वयंसेवी संस्थेच्या प्रतिनिधीला या कायद्याखाली थेट न्यायालयात तक्रार दाखल करता येते. म्हणजे कंपनीने नेमलेल्या आयोगाकडे तोंड वेंगाडायची गरज नाही. समझोत्यात जो मोफत पुरवठ्याचा मुद्दा सैल राहिला, तो कायद्याने बांधला. अमेरिकेतही सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये भेदभावविरोधी कायद्यात जात हा शब्द लिहून घेतला, तो याच कारणासाठी. कॅलिफोर्नियात तसे विधेयक मंजूर होऊनही ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी ते नाकारले. आहे तो कायदा पुरेसा आहे, असे कारण दिले. लिखित शब्दाची भीती कुणाला वाटते ते यातून ओळखावे.

कायदा झाला म्हणून झोपायचे नसते. एप्रिल २०२४ मध्ये एका स्विस संस्थेने आणि शिशुआहारावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय जाळ्याने उघड केले की, भारतात विकल्या जाणाऱ्या नेस्लेच्या सेरेलॅकमध्ये वरून साखर घातलेली होती. युरोपातील तशाच उत्पादनांत ती नव्हती. कंपनीचे उत्तर होते, आम्ही पाच वर्षांत ३० टक्क्यांपर्यंत साखर कमी केली आहे. प्रश्न होता, तिथल्या बाळाला एक न्याय आणि इथल्या बाळाला दुसरा का? टक्केवारी खरी असेल, पण ती दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आहे. गवगवा झाल्यावर त्याच वर्षी कंपनीने साखरविरहित प्रकार बाजारात आणण्याची घोषणा केली. पन्नास वर्षांपूर्वीचा धडा पुन्हा खरा ठरला.

म्हणून चळवळीच्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. बोलावले तर जरूर जा, पण कोण जाणार हे कंपनीने ठरवता कामा नये. ते सभेने ठरवावे, आणि त्यात एक तरी असा असावा ज्याला समोरचा जहाल म्हणतो. आत काय बोललात ते बाहेर येऊन सर्वांपुढे वाचून दाखवा. ज्या कागदावर काम, तारीख आणि जबाबदार माणसाचे नाव नाही, त्यावर सही करू नका. वह्या, टँकर, मांडव यांचा हिशोब मागणीत धरू नका. आणि बाहेर बसलेल्यांना विचारल्याशिवाय मोर्चा उठवू नका.

आमच्या त्या विहिरीचे पुढे काय झाले? दीड वर्षाने आम्ही त्याच पोरांकडे गेलो, चूक कबूल केली. पाण्याचे नमुने तपासून घेतले, तारीखवार नोंदी ठेवल्या आणि जल प्रदूषण कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे साठ दिवसांची नोटीस दिली. फाटकावर पुन्हा लोक बसले. या वेळी चहाला कुणी आत गेले नाही. ते गृहस्थच कागद घेऊन बाहेर आले. नाला बंद करण्याची तारीख त्यावर होती, अधिकाऱ्याचे नाव होते. तो चारशे जणांपुढे मोठ्याने वाचला गेला आणि मगच आम्ही सही केली. नाला बंद झाला. विहिरीचे पाणी मात्र आजही कुणी पीत नाही. ते दीड वर्ष आम्ही एका कप चहात गमावले, याची आठवण ती विहीर आम्हाला रोज करून देते.